टू-व्हील ड्राइव्ह पिकअपने बोट ओढणे आणि पाण्यात सोडणे : मिशिगनमधील नवशिक्यांसाठी

मिशिगनमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले एक-दोन उन्हाळे तळ्याकाठच्या बाकावर बसून इतरांच्या बोटी पाहण्यात जातात, आणि मग कधीतरी कोणाच्या तरी अंगणात ‘विकणे आहे’ अशी पाटी लावून उभी असलेली १६-१७ फुटांची जुनी बोट ट्रेलरसकट आपल्या घरी येते. ती ओढायला दारात जो पिकअप असतो तो अनेकदा फक्त मागच्या दोन चाकांना ताकद देणारा असतो, कारण तो फोर-व्हील ड्राइव्हपेक्षा स्वस्त पडतो आणि त्यात बिघडण्यासारखे भागही कमी असतात. अशा वेळी अनुभवी शेजारी हमखास सांगतात की टू-व्हील ड्राइव्हवर बोटीचा नाद करू नये. हा सल्ला अर्धाच खरा आहे. डांबरी रस्त्यावर बोट ओढताना या दोन प्रकारच्या गाड्यांत म्हणण्यासारखा फरक नसतो. फरक पडतो तो रॅम्पवरच्या, म्हणजे बोट पाण्यात उतरवण्यासाठी बांधलेल्या उतारावरच्या, शेवटच्या २०-३० फुटांत, आणि तिथेही प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा नसून मागची दोन चाके नेमकी कोणत्या जागेवर उभी आहेत याचा असतो. ही जागा राखता आली की बाकीची कामे कोणालाही शिकता येतात.

आधी वजनाचा हिशेब

बोटीच्या माहितीपत्रकात दिलेले वजन बहुधा कोरड्या आणि रिकाम्या बोटीचे असते, आणि त्यात इंजिन धरलेले असेलच असे नाही. पेट्रोलचे वजन गॅलनला सुमारे ६ पौंड असते, म्हणजे २० गॅलनची टाकी भरली की १२० पौंड वाढले. त्यावर ट्रेलरचे स्वतःचे वजन, बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि बर्फाची पेटी. या लेखात हिशेबासाठी मी १७ फुटांची फायबरग्लासची बोट घेतो, जिचे ट्रेलरसह आणि सामानासह एकूण वजन ३,००० पौंड भरते. आपल्या बोटीचे वजन अंदाजाने ठरवू नये. महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर वजनकाटा असतो आणि थोडे पैसे देऊन तिथे खरा आकडा मिळतो.

हा आकडा मग तीन ठिकाणी ताडून पाहावा. पिकअपच्या पुस्तकातील ओढण्याची कमाल मर्यादा सर्वांना आठवते, पण त्याहून आधी संपते ती गाडीच्या पाठीवर पेलण्याची मर्यादा, म्हणजे पेलोड. चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारे जे लेबल असते त्यावर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेले असते. समजा ते १,४०० पौंड आहे. चार मोठी माणसे ६८० पौंड, ट्रेलरचा हिचवरील, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवरील, भार ३०० पौंड आणि पुढे सांगणार आहे त्या वाळूच्या पिशव्या ३०० पौंड धरल्या की १,२८० पौंड झाले आणि डब्यांसाठी, पाण्यासाठी १२० पौंडच उरले. तिसरी मर्यादा हिचची. क्लास दोनचा हिच साधारण ३,५०० पौंडांपर्यंत असतो आणि क्लास तीनचा त्याहून बराच जास्त पेलतो, पण गाडी, हिच, त्यावरचा लोखंडी गोळा म्हणजे बॉल आणि त्यावर बसणारे ट्रेलरचे टोक म्हणजे कपलर यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी तीच आपली मर्यादा मानावी.

हिचवरील भाराचा मुद्दा मराठी वाचकाला समजावणे सोपे आहे, कारण बैलगाडी भरणाऱ्यांनी त्यासाठी शब्दच करून ठेवला आहे. गाडीत मागे जास्त ओझे भरले की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा राहत नाही. ट्रेलरचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर दाबून राहावा. बोटीच्या काही ट्रेलरांसाठी उत्पादक याहून थोडे कमी प्रमाण सांगतात, तेव्हा त्यांचे पुस्तक प्रमाण मानावे. भार फार कमी पडला तर ५५-६० मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो. तसे झाले तर जोरात ब्रेक लावू नये आणि स्टिअरिंगने ते हेलकावे मोडण्याचा प्रयत्नही करू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढावा, आणि गाडी थांबवल्यावर बोटीतले जड सामान पुढे सरकवावे. टू-व्हील ड्राइव्हवाल्याला या भाराची आणखी एक गरज आहे. मागच्या चाकांवर दाब आणणारी ही वस्तू आपल्याला फुकट मिळालेली असते.

जोडणी आणि रस्ता

बॉलचे तीन आकार सर्रास दिसतात: पावणेदोनपेक्षा किंचित मोठा १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच. आकार बॉलच्या माथ्यावर आणि कपलरवर कोरलेला असतो, आणि दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल वरवर बसलेला दिसतो आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. कपलर बसवून खटका लावला आणि त्यात पिन अडकवली की ट्रेलरच्या पुढच्या जॅकने कपलर वर उचलून पाहावा. गाडीची मागची बाजूही वर उचलली गेली तर जोड खरा बसला आहे. सुरक्षेच्या साखळ्या ट्रेलरच्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो. मग दिव्यांची वायर जोडून इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत.

बोट ट्रेलरला दोन टोकांनी बांधलेली हवी. पुढे विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या रहाटाचा, पट्टा आणि त्याच्यासोबत एक वेगळी साखळी, मागे दोन्ही कोपऱ्यांना घट्ट ताणलेले पट्टे. केवळ विंचच्या भरवशावर निघालेली बोट मी महामार्गावर पाहिली आहे. खड्ड्यागणिक तिचा मागचा भाग ट्रेलरवरून वितभर उडत होता.

रस्त्यावर वळण रुंद घ्यावे, कारण ट्रेलर गाडीपेक्षा आतून वळतो, आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे. पहिल्या १०-१५ मैलांनंतर थांबून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यभागी हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात लावता येत नाही इतके गरम असेल तर बेअरिंगमधले ग्रीस संपले आहे किंवा बेअरिंग जात आले आहे. बोटीच्या ट्रेलरचे बेअरिंग लवकर जाण्याचे कारणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. रस्त्यावर तापलेला हब, म्हणजे चाकाचा हा मधला भाग, तळ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून रॅम्पवर पोचल्यावर सामान लावण्याच्या निमित्ताने हब थोडा थंड होऊ द्यावा आणि हंगामात ग्रीस नियमित भरावे.

मागे घेणे

रिव्हर्सचा सराव रॅम्पवर करू नये. रविवारी सकाळी एखाद्या बंद कार्यालयाचे रिकामे पार्किंग गाठावे, दोन शंकू मांडावेत आणि तासभर त्यांच्यामधून ट्रेलर मागे घ्यावा. हात स्टिअरिंगच्या अगदी तळाशी ठेवला की गोंधळ मिटतो: हात डावीकडे नेला तर ट्रेलर डावीकडे जातो, उजवीकडे नेला तर उजवीकडे. हालचाल थोडी करावी आणि परिणाम दिसण्याची वाट पाहावी. ट्रेलर कोनात वाकू लागला तर मागेच रेटत न बसता पुढे घेऊन सरळ करावा आणि पुन्हा सुरुवात करावी; यात कमीपणा नाही. लहान ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा चटकन वळतो, त्यामुळे लहान बोट सोपी असेल हा समज पहिल्याच दिवशी गळून पडतो.

आपल्याकडे ट्रकमागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या... बास’ असे ओरडणारा क्लीनर असतो. इथे ते काम घरच्या माणसाला करावे लागते, आणि त्यासाठी आधी खुणा ठरवून घ्याव्यात. मागे उभ्या माणसाने चालकाच्या आरशात स्वतः दिसत राहावे. तो आरशात दिसेनासा झाला की चालकाने थांबावे, एवढा एकच नियम दोघांनी पाळला तरी रॅम्पवरची निम्मी भांडणे टळतात.

रॅम्प निवडताना

इथे थोडे खोलात जाणे आवश्यक आहे. चांगल्या रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे १०० फुटांना १२ ते १५ फूट खाली. १५ टक्क्यांच्या उतारावरून आपला ४,५०० पौंडांचा पिकअप आणि ३,००० पौंडांचा ट्रेलर वर चढवायला साधारण १,१०० पौंडांचा जोर उताराविरुद्ध आणि आणखी १०० पौंडांच्या आसपास चाकांच्या घर्षणाविरुद्ध लागतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर १,८०० पौंडांच्या आसपास वजन असते. त्यात हिचवरील भार, जो मागच्या धुरीच्याही (ॲक्सलच्याही) मागे लोंबत असल्यामुळे ३०० चा ४०० होऊन पोचतो, आणि उतारामुळे मागे सरकलेले गाडीचे वजन मिळवले की सुमारे २,४०० पौंड होतात. म्हणजे चाकांवरील वजनाच्या निम्म्याइतका जोर जमिनीच्या पकडीतून मिळाला पाहिजे. चांगल्या रबराला ओल्या पण स्वच्छ आणि खरखरीत काँक्रीटवर एवढी पकड मिळते, जरी हातात फारसे शिल्लक राहत नाही. हिरव्या शेवाळावर ती मिळत नाही, आणि तिथे इंजिन २०० अश्वशक्तीचे असो की ४०० चे, निकाल तोच लागतो.

म्हणून पाण्याजवळ गाडी नेण्याआधी पायी चालत जावे. पाण्याच्या कडेला उभे राहून बूट काँक्रीटवर घासून पाहावा. जिथे बूट घसरतो तिथे चाक जाऊ द्यायचे नाही असे मनाशी ठरवावे. काँक्रीटमध्ये पाणी निथळण्यासाठी आडव्या खाचा पाडलेल्या असतात, त्या शेवाळाने बुजल्या आहेत की मोकळ्या आहेत ते पाहावे. उन्हाळा संपताना आणि शरदात पाणी खाली गेले की एरवी बुडालेला, हिरवा झालेला भाग उघडा पडतो, आणि जूनमध्ये निर्धोक वाटलेला तोच रॅम्प सप्टेंबरमध्ये वेगळा निघतो. समुद्रकाठी हेच दिवसातून दोनदा ओहोटीला घडते, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी भरती पाहून वेळ ठरवावी. एखादी काठी किंवा वल्हे घेऊन काँक्रीट कुठे संपते तेही चाचपावे. लोक इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवतात तेव्हा पंख्याचा झोत तळाची माती उकरतो आणि काँक्रीटच्या टोकाला खड्डा पडतो. त्या कडेवरून ट्रेलरची चाके खाली उतरली तर टू-व्हील ड्राइव्हने ती वर काढणे जवळजवळ अशक्य होते.

उतार कमी असेल तर बरे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण फार सपाट रॅम्प आपल्याला तितकाच त्रासदायक ठरतो, कारण बोट तरंगण्याइतके पाणी मिळेपर्यंत पिकअपची मागची चाके पाण्यात जातात. त्यावर उपाय ट्रेलरमध्ये आहे. लांब फळ्यांवर बोट टेकवणाऱ्या ट्रेलरला खोल पाणी लागते, तर फिरत्या रुळांच्या (रोलरच्या) ट्रेलरवरून बोट कमी पाण्यातही घरंगळत उतरते आणि विंचने परत ओढता येते. आधीच ट्रेलर निवडायचा असेल आणि गाडी टू-व्हील ड्राइव्ह असेल तर मी रुळांचा घेईन. शिडाच्या बोटींच्या काही ट्रेलरांना पुढे सरकवून लांब करता येणारा दांडा असतो, त्याचाही हेतू गाडी कोरड्यात ठेवणे हाच असतो. खडीच्या रॅम्पचा विचार पहिल्या वर्षी करू नये. मिशिगनच्या सरकारी रॅम्पची माहिती पाहताना काँक्रीटचा, खडीचा की हाताने बोट उचलून न्यायचा, हे आधी वाचावे. राज्याच्या जागांवर गाडीच्या नोंदणीसोबत मिळणारा रिक्रिएशन पासपोर्ट हा प्रवेश-परवानाही लागतो.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फावर पकड यावी म्हणून अनेक जण पिकअपमध्ये ६० पौंडांच्या वाळूच्या लांबट पिशव्या ठेवतात. त्या एप्रिलमध्ये उतरवून टाकू नयेत. पाच पिशव्या मागच्या धुरीच्या वर बांधून ठेवल्या की चाकांवर ३०० पौंड वाढतात, तर चढवायचे ओझे मात्र उतारापुरते, म्हणजे ४५ पौंडांनीच वाढते. मागच्या टायरांची नक्षी चांगली असणे हे मात्र कोणत्याही पिशवीपेक्षा मोलाचे आहे. ही सगळी चर्चा मागच्या चाकांच्या ताकदीवर चालणाऱ्या पिकअपची झाली. फोर्ड मॅव्हरिकसारख्या काही छोट्या पिकअपमध्ये टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे पुढची चाके, आणि तिथे मागे टाकलेली वाळू पुढच्या चाकांवरचा दाब वाढवत नाही, आणि मागच्या धुरीच्या मागे ठेवली तर तो उलट कमीच करते. अशा गाडीने हलकी ॲल्युमिनियमची बोटच ओढावी हे उत्तम.

पाण्यात सोडताना

तयारी रॅम्पवर करायची नसते. त्यासाठी जवळच बाजूला जागा ठेवलेली असते, आणि तिथे न थांबता थेट उतारावर जाऊन पट्टे सोडत बसणाऱ्याकडे मागची रांग कशी पाहते ते एकदा अनुभवले की पुन्हा तशी चूक होत नाही. तिथे मागचे पट्टे सोडावेत, पुढून आणि मागून एकेक दोर बांधावा, सामान बोटीत ठेवावे, इंजिन वर उचललेले आहे याची खात्री करावी आणि दिव्यांची वायर काढावी, कारण जुन्या पद्धतीचे तापलेले बल्ब थंड पाण्यात तडकतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील आणि त्यांना मागे घेताना मोकळे करण्यासाठी या वायरमधून वीज लागत असेल तर ती शेवटपर्यंत जोडून ठेवावी. आणि बूच लावावे. बोटीच्या मागच्या फळीच्या तळाला पाणी काढण्याचे भोक असते. त्याचे बूच विसरून बोट सोडणे ही नवशिक्यांची आणि जुन्यांचीही सर्वांत सामान्य चूक आहे. विंचचा पट्टा मात्र इथे सोडू नये. रुळांच्या ट्रेलरवरची बोट उतारावर मागे घसरून काँक्रीटवर पडायला क्षणभर पुरतो.

रॅम्पवर गाडी मागे घेताना खिडक्या उघड्या आणि सीटबेल्ट सोडलेला असावा, आणि मुले गाडीत किंवा बोटीत नसावीत. ट्रेलरची चाके पाण्यात शिरली की वेग आणखी कमी करावा. थांबायची जागा आपण आधी बुटाने शोधून ठेवलेली असते: पिकअपची मागची चाके पाण्याच्या कडेपाशी, शक्यतो त्याच्याही अलीकडे. रुळांच्या ट्रेलरची चाके जेमतेम बुडाली तरी पुरते. फळ्यांच्या ट्रेलरला पाणी त्याच्या मडगार्डपर्यंत यावे लागते.

आता गाडी उभी करण्याबद्दल. ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली आणि ती क्वचितच कोणी सांगते. साध्या मागच्या-चाकांच्या पिकअपमध्ये गिअर ‘पी’मध्ये टाकला की तो मागची चाके अडवतो, आणि हँडब्रेकही बहुधा मागचीच चाके धरतो. म्हणजे आपले दोन्ही आधार त्याच दोन चाकांवर आहेत, जी पाण्याजवळ, सर्वांत निसरड्या जागी उभी आहेत. पुढची चाके मोकळी आहेत. चाके घट्ट अडकलेली असूनही गाडी तशीच घसरत पाण्यात जाऊ शकते. म्हणून ब्रेकवर पाय ठेवून आधी हँडब्रेक ओढावा, मग ‘पी’ टाकावा, आणि दुसऱ्या माणसाने पुढच्या दोन्ही चाकांच्या मागे रबरी पाचरी लावाव्यात, कारण ती चाके वर, कोरड्या काँक्रीटवर असतात. एकटे असाल तर ब्रेक सावकाश सोडून गाडी हलत नाही हे पाहावे, मगच खाली उतरावे. पाचरींना दोरी बांधून ठेवली तर निघताना त्या ओढून घेता येतात.

मग एकाने पुढचा दोर हातात धरावा आणि त्यानंतरच विंचचा पट्टा व साखळी सोडावी. बोट हळूच ढकलली की सरकते. सरकली नाही तर हिसका न देता गाडी फूटभर आणखी मागे घ्यावी, मात्र ठरवलेल्या रेषेच्या आत. बोट डॉकला, म्हणजे बाजूच्या धक्क्याला, बांधून पिकअप लगेच वर न्यावा.

बाहेर काढताना

खरी परीक्षा परतीच्या वेळी असते. बोट डॉकला बांधून ट्रेलर पुन्हा त्याच रेषेपर्यंत मागे न्यावा. रिकामा ट्रेलर आरशात दिसतच नाही, त्यासाठी त्याच्या मागच्या दोन टोकांना उभ्या नळ्या बसवून घ्याव्यात. फळ्यांचा ट्रेलर आधी पूर्ण बुडवून फळ्या ओल्या कराव्यात आणि मग थोडा वर घ्यावा, म्हणजे पुढचा एक-तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहतो. ट्रेलर फार खोल ठेवला तर बोट त्यावर तरंगत राहते आणि वर काढल्यावर वाकडी बसते. बोट दोराने आणून विंचने पुढच्या थांब्यापर्यंत ओढावी, पट्टा आणि साखळी लावावी, इंजिन वर उचलावे आणि पाचरी काढाव्यात.

वर चढताना ॲक्सिलरेटर इतका हलका असावा की चाक फिरायला लागल्याचे कळेल, पण पाय मध्येच काढू नये. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये निघावे, कारण पहिल्या गिअरचा झटका चाकाला घसरवतो. पहिल्या काही फुटांत बोटीचे बरेचसे वजन पाण्यावरच असते आणि गाडी सहज निघाल्यासारखी वाटते. बोट पाण्यातून पूर्ण सुटते त्या क्षणी सगळे ओझे एकदम येते. तोवर मागची चाके कोरड्या काँक्रीटवर पोचलेली असावीत, एवढ्यासाठीच ही रेषेची सगळी खबरदारी. दोन बोटी लागोपाठ बाहेर निघत असतील तर दुसऱ्याने थोडे थांबावे, कारण पहिल्या ट्रेलरमधून निथळलेल्या पाण्याने आपली कोरडी जागा ओली झालेली असते.

चाक घसरू लागले तर

लगेच थांबावे. फिरते चाक स्वतःखालचे शेवाळ घासून काढेल अशी आशा करू नये. शेवाळ उलट आणखी गुळगुळीत होते, आणि गाडीची मागची बाजू आडवी सरकू लागते. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या भागात, दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो आणि तो घसरणाऱ्या चाकाच्या पकडीइतकाच असतो, म्हणजे एका चाकाखाली शेवाळ असले तरी दुसरे कोरड्यावर असून उपयोग होत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल ही घसरण रोखणारी यंत्रणा असते; तो घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावत असेल तर तो मदत करतो, पण काही गाड्यांत तो केवळ इंजिनाचा जोर तोडतो आणि तेव्हा बंद करणे बरे; आपल्या गाडीत काय होते ते पुस्तकात वाचून ठेवावे.

पुन्हा पाचरी लावाव्यात आणि बोटीतले सुटे जड सामान काढून पिकअपमध्ये, मागच्या धुरीवर ठेवावे; एका बाजूचे वजन कमी होते आणि दुसऱ्या बाजूचा दाब वाढतो. चाकांपुढचे दोन-तीन फूट काँक्रीट ताठ केसांच्या लांब दांड्याच्या ब्रशने घासून काढावे. हा ब्रश मी कायम पिकअपमध्ये ठेवतो, आणि दिसायला हास्यास्पद असला तरी जितके वेळा तो उपयोगी पडला आहे तितके वेळा दुसरे काहीच पडले नाही. छपरावर घालायच्या डांबरी कौलांचे तुकडे खरखरीत बाजू वर करून चाकांपुढे घालण्याची पद्धतही इथे आहे. तेव्हा मागे कोणी उभे राहू नये, कारण चाक ते तुकडे मागे फेकते.

एवढ्यानेही गाडी निघाली नाही तर बोट पुन्हा पाण्यात सोडून डॉकला बांधावी आणि रिकामा ट्रेलर वर न्यावा. नवशिक्यांना हे सुचत नाही, कारण बोट एकदा ट्रेलरवर चढली की ती उतरवणे म्हणजे हार वाटते. रिकामा ट्रेलर ७००-८०० पौंडांचा असतो आणि पिकअप तो सहज ओढतो. मग शेजारच्या लेनमध्ये, किंवा तळ्याच्या दुसऱ्या बाजूच्या रॅम्पवर, पुन्हा प्रयत्न करता येतो.

रॅम्पवर मदत करणारे लोक भरपूर भेटतात. दुसऱ्या गाडीने पुढून ओढून घ्यायचे असेल तर पट्टा आपल्या पिकअपच्या पुढच्या ओढण्याच्या हुकात आणि त्यांच्या गाडीच्या हिचच्या चौकटीत, यासाठीच बनवलेल्या कडीत अडकवावा. बॉलला पट्टा कधीही अडकवू नये. बॉल ताणाखाली तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. पट्टा हळूहळू ताणावा, हिसका देऊ नये, आणि सर्वांनी पट्ट्याच्या रेषेपासून दूर उभे राहावे.

निघण्यापूर्वी

वर आल्यावर पुन्हा बाजूच्या जागेत जाऊन बूच काढावे आणि बोट निथळू द्यावी. मिशिगनमध्ये २१ मार्च २०१९ पासून हा कायदा आहे: रस्त्यावर निघण्याआधी बूच काढून सगळे पाणी सोडले पाहिजे आणि बोटीला, ट्रेलरला चिकटलेली पाणवनस्पती काढली पाहिजे. यामागचे कारण जवळचेच आहे. डेट्रॉइटच्या वेशीवरच्या लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली झेब्रा शिंपले हे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले सापडले आणि त्यानंतर ते तळ्यातळ्यांतून पसरले. पसरण्याची एक वाट म्हणजे ट्रेलरवरच्या ओल्या बोटी. दुसऱ्या तळ्यात जाण्याआधी बोट किमान पाच दिवस कोरडी ठेवावी.

त्यानंतर मागचे पट्टे ताणावेत, दिव्यांची वायर जोडावी, ते तपासावेत, आणि पाचरी, दोर व ब्रश पिकअपमध्ये आले आहेत का ते मोजावे. बूच मी पिकअपच्या किल्लीच्या कडीत अडकवतो. पुढच्या वेळी गाडी सुरू करताना ते हातात लोंबत असते, आणि पाण्याजवळ पोचेपर्यंत ते बोटीला बसलेले नसेल तर किल्ली खिशात टाकताना टोचते.